उतारा नको, पुस्तक हवे

घनसावंगी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत गेली तीन वर्षे मी आठवड्यातून चार दिवस जातो. महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर हाती वेळ होता, आणि आपल्याला अक्षरओळख करून दिली त्या भागाचे आपण काही देणे लागतो अशी भावना होती. पहिल्याच आठवड्यात पाचवीतील एका मुलाने मला पाठ्यपुस्तकातील एक धडा वाचून दाखवला. कोठेही न अडखळता, स्पष्ट उच्चारात वाचला. मी म्हटले, "छान. आता पुस्तक मिटून ठेव आणि मला सांग, काय काय झाले त्या धड्यात?" मुलगा माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्याने नम्रपणे विचारले, "सर, कितवा प्रश्न?"

त्या मुलाची यात काहीच चूक नव्हती. वाचणे म्हणजे मोठ्याने उच्चार करणे आणि समजणे म्हणजे खालच्या प्रश्नांची उत्तरे वहीत उतरवणे, असेच त्याला शिकवले गेले होते. तो ते प्रामाणिकपणे करीत होता. पण त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो, कारण तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना हाच मुलगा मला वीस वर्षांचा होऊन भेटत आला होता. पदवीच्या वर्गात बसलेला, गाइड पाठ असलेला, परंतु वृत्तपत्रातील अग्रलेख वाचून लेखक कोणाच्या बाजूने बोलतो आहे हे सांगू न शकणारा. त्याचा उगम कोठे आहे, हे त्या दिवशी मला दिसले.

वाचनाच्या दुरवस्थेची चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा 'असर'च्या अहवालांच्या निमित्ताने. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली ५०.५ टक्के होते. महामारीतील शाळाबंदीनंतर २०२२ साली ते ४२.८ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ साली ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. हे आकडे गंभीर आहेतच; पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे वाचन येत नसेल तर शिक्षणाचा हक्क कागदावर राहिला असेच म्हटले पाहिजे. परंतु माझा आजचा प्रश्न उरलेल्या निम्म्या मुलांविषयी आहे. ज्यांना 'वाचता येते' अशी नोंद झाली, त्यांना वाचलेले समजते काय? आणि समजत नसेल, तर ते समजावे यासाठी शाळेत काय केले जाते?

प्रश्नोत्तरांचा खेळ

आकलन शिकवण्याची आपली रूढ पद्धत म्हणजे उतारा आणि त्याखालील प्रश्न. या पद्धतीतून काय तपासले जाते, हे वाचकांनी स्वतःच पाहावे. पुढील वाक्य वाचा : "झिंगट भुरंड्याने सांजेला कोळमात तीन लिपटे उरवले." आता प्रश्नांची उत्तरे द्या. लिपटे कोणी उरवले? झिंगट भुरंड्याने. किती लिपटे उरवले? तीन. कोठे उरवले? कोळमात. केव्हा? सांजेला. चारपैकी चार गुण! या वाक्याला काडीचाही अर्थ नाही. शब्द मी आत्ताच जुळवलेले आहेत. मराठीचे विभक्तिप्रत्यय ज्याच्या कानावर आहेत, तो काहीही न समजता पैकीच्या पैकी गुण मिळवू शकतो. आपली मुले वर्षानुवर्षे नेमके हेच करीत आहेत. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या अलीकडचे-पलीकडचे शब्द उतरवायचे. यात कौशल्य आहे, पण ते वाचनाचे नव्हे.

उताऱ्याचा दुसरा दोष अधिक खोल आहे. उतारा हा कोठून तरी तोडलेला तुकडा असतो. त्याच्या आधी काय घडले आणि पुढे काय होणार आहे, हे मुलाला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घेण्याची गरजही नसते. समजणे म्हणजे जोडणे. आधीच्या गोष्टीशी आत्ताची गोष्ट जोडणे, माणूस बोलतो ते आणि करतो ते यांची सांगड घालणे, पुस्तकातील जगाशी आपले जग ताडून पाहणे. पंधरा ओळींच्या उताऱ्यात जोडण्यासारखे असते काय? आमच्या शेतकऱ्याला सातबाऱ्याच्या उताऱ्याचा अनुभव आहे. त्यावरून जमीन कोणाच्या नावावर आहे हे कळते. ती त्याच्याकडे कशी आली, कोणी कसली आणि कोणी गमावली हे त्या कागदावरून कळत नाही. मुलांच्या हाती आपण भाषेचाही उताराच देतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, आकलन शिकवायचे असेल तर मुलांसमोर एक संपूर्ण, चांगली, काळाच्या कसोटीला उतरलेली कादंबरी ठेवली पाहिजे. ती वर्गात सर्वांनी मिळून, मोठ्याने, सावकाश, आठवडेच्या आठवडे वाचली पाहिजे. आणि ही सोय शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांची चैन म्हणून न पाहता जालन्यासारख्या जिल्ह्यातील गरीब मुलाचा हक्क म्हणून पाहिली पाहिजे.

आपल्याच गावातील पद्धत

ही कल्पना परदेशातून आणलेली नाही. मराठवाड्यातील खेड्यांत श्रावण महिन्यात पोथी लावण्याची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती ओळखीची वाटेल. श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' किंवा 'हरिविजय' घेऊन एक जण ओव्या वाचत असे आणि दुसरा त्यांचा अर्थ सांगत असे. ऐकणाऱ्यांत निम्म्याहून अधिक निरक्षर असत. पण ग्रंथ पहिल्या अध्यायापासून शेवटच्या अध्यायापर्यंत पुरा होई. रोज रात्री काल कोठपर्यंत आलो होतो याची उजळणी होई. दुसऱ्या दिवशी खुरपताना बाया धर्मराजाने द्रौपदीला पणाला लावले ते योग्य की अयोग्य, यावर वाद घालीत. अक्षरशून्य समाजात आकलन जिवंत होते, कारण ग्रंथ पुरा होता, ऐकणारे एकत्र होते आणि अर्थ सांगणारा समोर होता. आपण शाळा आणली, अक्षर आणले, आणि या तिन्ही गोष्टी घालवल्या. त्या पोथीला अस्पृश्य मानलेल्या माणसांना ओट्याखाली, दूर बसावे लागे हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच ती पद्धत देवळाच्या ओट्यावरून उचलून जिल्हा परिषदेच्या शाळेत, जेथे सर्व एका सतरंजीवर बसतात, तेथे आणणे हे आपले काम आहे.

कामगार चळवळीलाही ही गोष्ट अपरिचित नाही. क्यूबातील हवाना शहरात १८६५ पासून चिरूट वळणारे कामगार आपसांत वर्गणी काढून एक वाचक नेमीत. हात तंबाखूत आणि कान वाचकाकडे, असे त्यांचे काम चाले. वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या त्यांनी अशाच ऐकल्या. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सत्तेने या वाचनावर बंदी घातली. अडाणी कामगार कादंबरी ऐकतो यात सत्तेला धोका दिसला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. केरळातील कण्णूरच्या विडी कामगारांतही मोठ्याने वाचून दाखवण्याची अशीच प्रथा होती.

आणि शाळेच्या संदर्भात पाहायचे, तर गिजुभाई बधेका यांनी १९३२ साली 'दिवास्वप्न' लिहिले. त्यातील शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गात गेल्यावर अभ्यासक्रम बाजूला ठेवतो आणि गोष्टींपासून सुरुवात करतो. मुख्याध्यापक अस्वस्थ होतात, परीक्षेची आठवण देतात. जवळजवळ शंभर वर्षे होत आली. मुख्याध्यापकांची अस्वस्थता अद्याप तशीच आहे.

बेचाळीस रात्री

आम्ही पहिले पुस्तक घेतले ते 'श्यामची आई'. ही निवड भावनेपोटी केली नव्हती. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक रचनेने वर्गवाचनाला सोयीचे आहे. श्याम आश्रमात रोज रात्री प्रार्थनेनंतर आपल्या सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. प्रत्येक रात्र एका बैठकीत पुरी होते आणि तरीही पुढच्या रात्रीशी जोडलेली राहते. आठवड्याला चार या हिशेबाने अकरा आठवड्यांत पुस्तक संपते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आरंभ केला तर सप्टेंबरच्या सुरुवातीस शेवट होतो. आमच्याकडे या हिशेबाला महत्त्व आहे, ते का ते पुढे सांगतो.

माझी पद्धत साधी होती. वाचायचे मी किंवा वर्गशिक्षकांनी. हळूहळू मुलेही पाळीने वाचू लागली. प्रत्येकाच्या हाती प्रत असे. वाचण्यापूर्वी काल काय झाले ते एकाने सांगायचे, चुकले तर दुसऱ्याने दुरुस्त करायचे. वाचून झाल्यावर प्रश्न मी विचारायचे नाहीत, मुलांनी विचारायचे. पहिले दहा दिवस कोणीच काही विचारले नाही. मग शब्दांचे प्रश्न आले. कोकणातील खोत म्हणजे कोण, पत्रावळ कशी लावतात, समुद्राला भरती येते म्हणजे काय. हे प्रश्न सोपे. त्यानंतर माणसांविषयीचे प्रश्न आले, आणि खरे वाचन तेथून सुरू झाले.

बहुतेक शिक्षित मराठी माणसांना 'श्यामची आई' आठवते ती संस्कारांचे पुस्तक म्हणून. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. या वयात पुन्हा वाचताना मला जाणवले की हे कर्जाचेही पुस्तक आहे. एके काळच्या सधन खोत घराण्याची, भावाभावांतील वाटणीनंतर आणि व्याजाच्या ओझ्याखाली हळूहळू होणारी पडझड हा त्याचा कणा आहे. शेवटच्या रात्रींत सावकाराचा माणूस वसुलीसाठी दारात येऊन बसतो आणि त्या माउलीला नको ते ऐकून घ्यावे लागते. हा भाग वाचून झाल्यावर वर्ग नेहमीपेक्षा अधिक वेळ गप्प होता. मग मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, "सर, म्हणजे श्यामच्या बापाच्या अंगावर बी उचल होती का?"

जालना जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या भागात जातात. जाण्यापूर्वी मुकादमाकडून जोडीमागे आगाऊ रक्कम घेतात. तिला उचल म्हणतात. हंगाम संपेपर्यंत ती फिटली तर ठीक, नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला तिचे आईवडील दरवर्षी जातात. तिने कोकणातील खोताचे कर्ज आणि आपल्या घरची उचल यांची जोड लावली. त्यावर दुसरा मुलगा म्हणाला, "उचल अंगमेहनतीनं फिटते, व्याज फिटत न्हाई." तिसऱ्याने विचारले की श्यामचे वडील कोठे कामाला का गेले नाहीत. अर्धा तास चर्चा झाली. खोताच्या प्रतिष्ठेचा प्रश्न निघाला, जातीचा निघाला, जमीन गहाण पडण्याचा निघाला. पदव्युत्तर वर्गात ग्रामीण कर्जबाजारीपणा या विषयावर मी इतकी जिवंत चर्चा फार थोड्या वेळा ऐकली आहे.

गरीब मुलाच्या शब्दसंग्रहाची उणीव सर्वांना दिसते. त्याच्या अनुभवाची श्रीमंती कोणाला दिसत नाही. त्याने कर्ज पाहिले आहे, स्थलांतर पाहिले आहे, आईला उपाशी झोपताना पाहिले आहे. थोर कादंबऱ्या याच गोष्टींविषयी असतात. उताऱ्याखालच्या प्रश्नांत या अनुभवाला जागा नसते. तेथे तो केवळ कच्चा विद्यार्थी असतो. संपूर्ण कादंबरीत त्याला प्रथमच असे काही सापडते की ज्याविषयी त्याला इतरांहून अधिक कळते. अशा क्षणी त्याला वाचनाचे प्रयोजन समजते. एकदा ते समजले, की शब्दसंग्रह मागोमाग येतो.

क्रूसोचे अर्थशास्त्र आणि माझी कबुली

दुसऱ्या वर्षी आम्ही सातवीला 'रॉबिन्सन क्रूसो'चे मराठी रूपांतर घेतले. येथे मला एक कबुली दिली पाहिजे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्रूसो हे फार जुने पात्र आहे. बेटावरचा एकटा माणूस, त्याच्याजवळचा मर्यादित वेळ, मासे धरावेत की धान्य पेरावे ही निवड, आणि त्यावरून उत्पादन, बचत व भांडवल यांचे विवेचन. हे मी तीस वर्षे फळ्यावर आकृत्या काढून शिकवले. डॅनियल डेफोची १७१९ सालची ती कादंबरी मात्र मी निवृत्तीनंतर प्रथमच पूर्ण वाचली. मीही उताऱ्यावरच जगलो होतो.

पूर्ण कादंबरीत काय आहे? क्रूसो बेटावर रिकाम्या हातांनी येत नाही. फुटलेल्या जहाजावर पुन्हा पुन्हा जाऊन तो हत्यारे, बंदुका, दारूगोळा, कापड, अन्न उतरवून घेतो. हे सारे इतरांच्या श्रमाने निर्माण झालेले आहे. त्याचे जहाज फुटते ते आफ्रिकेतून गुलाम आणण्यासाठी निघाले असताना. त्यापूर्वी तो स्वतः गुलामीत पडलेला असतो. तेथून झुरी नावाच्या मुलाच्या सोबतीने सुटतो, आणि पुढे त्याच झुरीला एका पोर्तुगीज कप्तानाला साठ नाण्यांना देऊन टाकतो. बेटावर फ्रायडे भेटल्यावर क्रूसो त्याला अगदी आरंभीच शिकवतो तो शब्द 'मालक' हा. पाठ्यपुस्तकातला एकटा, स्वावलंबी, कोणाचेही देणे नसलेला माणूस या कादंबरीत कोठेच नाही. अर्थशास्त्रज्ञांच्या क्रूसोप्रेमाची चेष्टा मार्क्सने 'भांडवल'च्या १८६७ मधील पहिल्या खंडात केलेली आहे. ती मी वाचली होती, पण मूळ कादंबरी वाचलेली नसल्यामुळे तिचे मर्म मला पुरते कळले नव्हते.

मुलांसाठीच्या अनेक संक्षिप्त रूपांतरांत झुरीला विकल्याचा प्रसंग गाळलेला असतो. मी तो तोंडी सांगितला. सातवीतील मुले भडकली. ज्याने आपल्याला सोडवले त्याला कोणी विकते काय? एका मुलाने विचारले, "मग पुस्तकात त्याला शूर का म्हणलंय?" मला वाटते, आकलनाचा याहून चांगला पुरावा कोणत्याही चाचणीत सापडणार नाही. पुस्तक काय सांगते हे त्याला समजलेच. शिवाय पुस्तक कोणाच्या बाजूने सांगते हेही त्याने विचारले. असा प्रश्न विचारणारा मुलगा उद्या पीकविम्याचा अर्ज, सोसायटीच्या कर्जाची कागदपत्रे, मुकादमाचा करार आणि पुढाऱ्याचे भाषण याच नजरेने वाचील. लोकशाहीला असा वाचक हवा आहे. ज्यांना तो नको आहे त्यांची संख्याही कमी नाही.

तीन आक्षेप

या विचारावर मी तीन आक्षेप ऐकले आहेत. त्यांना टाळून पुढे जाणे योग्य नाही.

पहिला आक्षेप शिक्षकांचा : आधी अक्षरे तर येऊ द्या, मग कादंबरी. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' कार्यक्रमाचा भरही पायाभूत साक्षरतेवर आहे, आणि तो अनाठायी नाही. अक्षरज्ञानाचे काम शिस्तीने झालेच पाहिजे. त्याला कादंबरी हा पर्याय नव्हे. परंतु आधी हे, मग ते, असा क्रम लावला तर गरीब मुलाच्या बाबतीत 'मग' कधीच येत नाही. ऐकून समजणे हे वाचून समजण्याच्या आधी येते. ज्याला अजून जोडाक्षरे जमत नाहीत तोही श्यामची गोष्ट ऐकून वाद घालू शकतो, आणि पुढे काय झाले या ओढीने जोडाक्षरांशी झटतो. आमच्या वर्गातील अशी तीन मुले मी डोळ्यांनी पाहिली.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे आणि तो आपल्याच चळवळीतील मित्रांनी घेतला. हे जुने बालवाङ्मय बहुतांशी पांढरपेशा, ब्राह्मणी घरांतले. तांड्यावरच्या आणि दलित वस्तीतल्या मुलाने ते का वाचावे? हा प्रश्न खरा आहे. 'श्यामची आई'त अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीला मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते, असा प्रसंग आहे. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले. त्या कृतीचे बीज या प्रसंगात दिसते. आमच्या वर्गात मात्र एका मुलाने वेगळाच प्रश्न केला : त्या म्हातारीला नाव का नाही? मी निरुत्तर झालो. पण हा प्रश्न पुस्तक वाचल्यामुळेच निर्माण झाला. अभिजात पुस्तक वाचायचे ते त्याची पूजा करण्यासाठी नव्हे. त्याला प्रश्न विचारण्यासाठी. त्याबरोबरच आपली यादीही रुंद केली पाहिजे. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' घ्यावा, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेले ज्यूल व्हर्न घ्यावे, आणि आठवीच्या मुलांना व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' द्यावी. धनगरांच्या वस्तीत आलेला तरुण शिक्षक आणि दुष्काळात ओस पडणारे ते गाव आमच्या मुलांना परके वाटणार नाही. बंजारा मुलांच्या घरची बोली पुस्तकातील मराठीहून निराळी आहे. त्यांनी गोष्ट आपल्या बोलीत परत सांगितली तर ती चूक मानू नये. उलट समजल्याचा तो सर्वांत भक्कम पुरावा आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम कधी पुरा करायचा? सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे यांत शिक्षकाचा दिवस कसा जातो, ते मी जवळून पाहतो आहे. त्याच्यावर आणखी एक उपक्रम लादावा असे मी म्हणत नाही. आज भाषेच्या तासात उताऱ्यावरील प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरवून घेण्यात जो वेळ जातो, त्यातले तीस मिनिटे पुस्तकाला द्यावीत, एवढेच म्हणतो. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. फलक लागतात, छायाचित्रे वर पाठवली जातात. वर्षातून एक दिवस साजरे केलेले वाचन आणि रोज अर्धा तास केलेले वाचन यांतील फरक सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

पैशाचा प्रश्न

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट नमूद आहे. कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. प्रत्यक्षात ज्या शाळा मी पाहिल्या, तेथे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील कुलूपबंद कपाट. त्यात शंभर पुस्तकांची एकेक प्रत असते. वर्गात मिळून वाचायचे तर शंभर पुस्तकांच्या एकेका प्रतीचा उपयोग नाही. एकाच पुस्तकाच्या तीस प्रती लागतात.

हिशेब करून पाहू. एक प्रत दीडशे रुपयांची धरली तर तीस प्रतींचे साडेचार हजार रुपये होतात. दहा शाळांच्या एका केंद्रात प्रत्येक शाळेने वेगळ्या कादंबरीच्या तीस प्रती घेतल्या तर एकूण खर्च पंचेचाळीस हजार. ही दहा पुस्तके दहा पेट्यांत भरून शाळाशाळांतून फिरवावीत. वर्षाला तीन पेट्या प्रत्येक शाळेत गेल्या, तरी पाचवीत आलेला मुलगा आठवीतून बाहेर पडेपर्यंत दहाही पुस्तके वाचून झालेला असेल. प्रत्येक शाळेच्या वाट्याला आलेला खर्च मात्र एकदाच, साडेचार हजार रुपये. खासगी मालकीत जे महाग असते ते सामायिक मालकीत स्वस्त होते, याचे याहून सोपे उदाहरण मला वर्गात कधी सापडले नाही. 'श्यामची आई'च्या बाबतीत तर आणखी सोय आहे. साने गुरुजींचे निधन १९५० सालचे. त्यामुळे त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्क २०१० च्या अखेरीस संपला. जिल्हा परिषदेने मनात आणले तर ती स्वतः छापून आणखी कमी किमतीत देऊ शकते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांनाही या कामात सामील करून घेता येईल.

पण पेटी ज्या शाळेत जायची ती शाळाच उरली पाहिजे. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची कल्पना पुढे आली. वस्तीवरची आणि तांड्यावरची शाळा गेली की प्रथम मुलींचे शिक्षण थांबते. दुसरी गोष्ट स्थलांतराची. आमची बेचाळीस रात्रींची गणिते सप्टेंबरपूर्वी पुरी करावी लागतात ती याच कारणाने : दिवाळीनंतर वर्गातली काही मुले कोयत्याबरोबर निघून जातात. त्यांच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची तरतूद आहे. जेथे ते वेळेवर सुरू होते तेथे मुले राहतात. जेथे मंजुरी उशिरा येते तेथे ट्रक आधी निघून गेलेला असतो. उचलीविषयी प्रश्न विचारणारी ती मुलगी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आईवडिलांबरोबर गेली. जाताना तिने पुस्तकाची प्रत मागितली. पुस्तके मोजून ठेवलेली होती, तरीही वर्गशिक्षकांनी दिली. एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा पुस्तकाची पाने पाचटाच्या धुळीने मळलेली होती. तिने ते फडावरच्या खोपीत धाकट्या भावाला आणि शेजारच्या दोन बायांना पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवले होते.

कार्यकर्त्यांना विनंती

या लेखाचा शेवट मी उपदेशाने करू इच्छित नाही. एक काम सुचवतो. १९७२ च्या दुष्काळात मी पाचवीत होतो. गाव तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील अंबड तालुक्यात. जालना जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडायचे होते. आमच्या आया रस्त्याच्या कामावर खडी फोडीत. आम्ही मुले सुकडीसाठी रांगेत उभे राहत असू. त्या वर्षी आमच्या गुरुजींनी स्वतःच्या पत्र्याच्या पेटीतून एक पुस्तक काढले आणि रोज दुपारी लिंबाखाली बसून आम्हांला वाचून दाखवले. ते पुस्तक 'श्यामची आई'च होते. ते कोणत्याही योजनेत नव्हते आणि त्याचा अहवाल कोठे पाठवला गेला नाही. मी पुढे शिकलो याला इतर कारणेही आहेत, पण ते लिंबाचे झाड त्यांत आहे.

आपल्या पक्षाचे आणि चळवळीचे कार्यकर्ते जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. अनेक जण शाळा व्यवस्थापन समित्यांवर आहेत, काही निवृत्त शिक्षक आहेत. ग्रामसभेत शाळेच्या ग्रंथालयाचा विषय घ्यावा, कपाटाचे कुलूप उघडून पुस्तके मोजावीत, एका पुस्तकाच्या तीस प्रतींसाठी ठराव करावा. हंगामी वसतिगृहाची मंजुरी ऑक्टोबरपूर्वी यावी म्हणून पाठपुरावा करावा. वसतिगृह झाले तर संध्याकाळी तेथे बसून वाचावे. मोर्चा आणि निवेदन यांचे महत्त्व मी जाणतो. पण ज्यांच्यासाठी आपण निवेदन लिहितो त्यांना ते वाचून, समजून, "यात अमुक राहिले आहे" असे आपल्याला सांगता आले पाहिजे. तोपर्यंत आपले समाजपरिवर्तनाचे कामही अर्धेच राहील.

आमच्या शाळेत येत्या जूनमध्ये नवी पाचवी बसेल. पेटीत तीस प्रतींपैकी एकोणतीस उरल्या आहेत. तिसावी प्रत त्या मुलीकडेच ठेवावी, असे शाळा व्यवस्थापन समितीने एकमताने ठरवले आहे.